मॅडमचं घरचं पोरगं

बायकोच्या वर्गात मी सात वर्षांचा होतो. खरं वय बावन्न, पोट सुटलेलं, डोणगावात बी-बियाण्याचं दुकान. पण जवळच्या खेड्यातल्या तिच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या पोरांना एवढंच ठाऊक होतं, की मॅडमच्या घरी एक पोरगं आहे आणि त्याला काही म्हणता काही काढता येत नाही.

याला कारण तिची पद्धत. चित्रकलेचा कुठलाही नवा पाठ ती आधी माझ्यावर करून बघायची. मला स्वयंपाकघरात पाटावर बसवायची, पुढ्यात जुना पेपर आणि ताटलीत रंग. भेंडी आडवी कापून तिचे ठसे मारायचे. कडुलिंबाचं पान कागदाखाली ठेवून वरून खडू घासायचा. रंगात भिजवलेला दोरा कागदाच्या घडीत ठेवून ओढून काढायचा. "तुमाले जमलं म्हणजे वर्गात कोणालेही जमते," असं तिचं सरळ गणित होतं. मीही फारसा अपमान मानून घेत नसे. ठसे मारून झाल्यावर उरलेल्या भेंडीची भाजी व्हायची.

माझी बिघडलेली चित्रं ती शाळेत न्यायची. कोणाचं चुकलं आणि ते रडायला लागलं, की पिशवीतून माझं काढून दाखवायची. "हे पाहा, आमच्या घरच्या पोरानं काय केलं." रडणारं गप्प. बाकीची पोरं मला सल्ले पाठवायची, आणि ती संध्याकाळी ते मला जराही न हसता सांगायची. "रंग कमी घेत जा म्हणते वर्ग."

"अगं, तो पोरगा मीच आहे हे सांगत काऊन नाहीस तू?"

"सांगितलं तं हसतील ना. आता शिकवून राह्यले ते तुमाले."

दिवाळीनंतर तिला कॅन्सर निघाला. अकोल्याच्या दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या, रजा टाकली. तिचं मात्र ठरलेलं होतं: जूनमध्ये शाळा उघडली, की पहिल्या दिवशी ती वर्गात. पोरं दुसरीत गेलेली असणार, आणि त्यांची मॅडम तीच राहणार. हे तिनं डॉक्टरांना सांगितलं, सलाईन लावणाऱ्या सिस्टरला सांगितलं, दारावर येणाऱ्या भाजीवालीलाही सांगितलं. पोरांना तर निरोपच धाडला, "शाळा उघडली का मी आलीच समजा."

तोवर वर्ग विसरू नये म्हणून पाठ माझ्यामार्फत चालू राहिले. ती पलंगावर पडून सांगायची, मी खाली बसून करायचो. तुरीच्या टरफलांचा मोर, कपाशीच्या वाळक्या बोंडांची घुबडं. मुख्याध्यापक डोणगावातच राहायचे. सकाळी जाताना ते माझं काम दुकानातून उचलायचे आणि संध्याकाळी भर गिऱ्हाइकांत निकाल सांगायचे, "पोरं म्हणतात, डिंक लय वापरते हा." भुईमुगाचं बियाणं घ्यायला आलेला माणूस आधी माझ्या मिशांकडे बघायचा, मग बियाण्याच्या पिशवीकडे.

होळीच्या सुमारास तिची बोटं बधिर झाली. औषधानं होतं तसं, डॉक्टर म्हणाले. एकदा तिनं स्वतः पान घासून दाखवायला घेतलं. खडू हातातून कधी पडला ते तिला कळलं नाही, ती तशीच रिकामी बोटं कागदावर फिरवत राहिली. मी खडू उचलून परत दिला. "राहू द्या. तुम्हीच करा," ती म्हणाली.

मी केलं, आणि नेमकं त्या दिवशी ते पान जमलं. शीर न् शीर उमटली. तिनं कागद बराच वेळ समोर धरला.

"हे नाही पाठवायचं."

"आता काय झालं?"

"चांगलं आलं. पोरं म्हणतील, याले आता आपली गरज नाही."

म्हणजे त्यानंतर मला मुद्दाम बिघडवायला शिकावं लागलं. जन्मभर जे आपोआप येत होतं, ते ठरवून करणं फार अवघड असतं. ती पडल्या पडल्या हसायची, मग खोकायची.

मे महिन्यात औषध बदललं. मग थांबवलं. शाळा उघडायच्या आधीच ती गेली.

घरी तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तोवर शाळा उघडली होती. मुख्याध्यापक वर्गाला घेऊन आले. बुद्धवंदना होईस्तोवर पोरं सतरंजीवर चूप बसली. मग त्यातली एक पोरगी उठून माझ्या मुलीपाशी गेली. मुलगी पुण्याला नोकरीला असते, तिला या पोरांची काही ओळख नाही.

"ताई, तो कुठी हाय?"

"कोण?"

"मॅडमचा लहान पोरगा. त्याची आई मेली ना."

घरचं पोरगं कोण, हे मात्र मुलीला आईनं फोनवर सांगितलेलं होतं. तिनं माझ्याकडे बोट केलं. मी पांढरा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. पोरगी समोर येऊन उभी राहिली. पिकलेल्या मिशा पाहिल्या, टक्कल पाहिलं. हसेल असं मला वाटलं. हसली नाही.

"तूच हायस का तो?"

"हो."

"तुले काहीच नाही येत?"

"नाही येत."

तिनं हे समजून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम म्हने, शाळा उघडली का येतो."

"हो. म्हणत होती."

"मंग काऊन नाही आली?"

आमच्या घरात कुठलीही गोष्ट रंगवून सांगायचं काम माझ्याकडे असतं. लग्नात, सणावारी लोक मला मुद्दाम बोलतं करतात. त्या पोरीपुढे मी काही रंगवायला गेलो नाही. जे होतं तेच सांगितलं.

"तिला यायचं होतं बाई. पहिल्या दिवसाची साडीसुद्धा इस्त्री करून ठेवली होती."

"दाखव."

मी तिला आतल्या खोलीत नेलं, कपाट उघडलं. वरच्याच कप्प्यात ती मोरपंखी साडी होती, घडीवर जुळता ब्लाऊज, शेजारी खडूंची नवी पेटी. पोरीनं साडीला हात लावून पाहिला. पेटी उघडून खडू पाहिले आणि नीट लावून ठेवले. मग पळत बाहेर गेली.

मी कपाटाशीच उभा होतो. बाहेर ती बाकीच्यांना सांगत होती, "येनार होत्या बे मॅडम. खरंच येनार होत्या. म्या साडी पाह्यली."