लोर्नाची हजेरी

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या लोर्ना स्केल्टनला नर्स व्हायचं होतं. सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, प्रवेश घेताना तिने शाळेच्या अटींवर सही केली होती: हजेरी पंच्याण्णव टक्के आणि प्रत्येक विषयाचा घरी रोज तासभर अभ्यास. त्याच हिवाळ्यात आईचे पाय गेले. घरात तिसरं कुणी नव्हतं. आईला न्हाऊ घालून, चहा-टोस्ट देऊन लोर्ना शाळेत पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असायचा.

मार्चमध्ये सिक्स्थ फॉर्मचे प्रमुख थ्रेलफॉल सरांनी तिला बोलावलं.

"एकाहत्तर टक्के हजेरी. घरी काही अडचण आहे का?"

सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण आईने बजावलं होतं, "शाळेत एक अक्षर बोलू नकोस. मला उचलून अपंगांच्या आश्रमात टाकतील."

"नाही सर. सकाळी जागच येत नाही."

सरांनी तिच्या सहीचा अटींचा कागद पुढे सरकवला. "मग आम्हाला तुला ठेवता येणार नाही."

"आज लवकर कशी गं?" ती घरी आल्यावर आईने विचारलं.

"लवकर सोडलं," म्हणून ती सूप गरम करायला वळली.

मेमध्ये परीक्षा सुरू झाल्या आणि लोर्ना एकाही पेपरला गेली नाही, तेव्हा तिला शाळेतून काढलंय हे आईला कळलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी तिने लोर्नाच्या हातचं काही खाल्लं नाही.