जमिनीलगतची खिडकी

एल्मर्डन हाउसची मुख्य मोलकरीण मेबल थ्रॉसल हिच्या खोलीला खिडकी नव्हती असं नाही. फक्त ती जमिनीलगत होती. बांधणाऱ्याला घराच्या तोंडावर उंच खिडक्यांची एकसारखी रांग हवी होती. नोकरांना कुठेतरी कोंबायचं म्हणून त्याने आत मधेच एक मजला घुसवला. मग प्रत्येक खिडकीचा मोठा भाग खाली मालकीणबाईंच्या दालनांना गेला आणि वरची दोन वीत काच मेबलसारख्यांच्या वाट्याला आली. बाहेर बघायचं तर गुडघे टेकायचे.

उमेदीत ती टेकायचीही. सकाळी बीच नावाच्या उंच झाडांची रांग बघायची आणि दिवसभर त्याच गुडघ्यांवर जिने घासायची. एकतीस वर्षांत जिन्यांनी गुडघ्यांचा पार भुगा केला; कामापुरते ते कसेबसे टेकत, खिडकीसाठी नाही. गेली तीन वर्षं खोलीतला उजेड तिच्या पायांवर पडत होता, तोंडावर कधी नाही. या गोष्टीचा तिला मनापासून वीट आला होता.

१९२६च्या वसंतात छपराच्या दुरुस्तीसाठी वास्तुतज्ज्ञ पेनफोल्डसाहेब आले. मेबलने आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं.

"साहेब, माझी तेवढी खिडकी कमरेइतकी वर घेता येईल का?"

साहेब तिला मोठ्या हौसेने समोरच्या हिरवळीवर घेऊन गेले. नोकरांना तिथे पाय ठेवायची बंदी. राहतं घर तिने समोरून पहिल्यांदाच पाहिलं.

"बघा बाई. दीडशे वर्षांत एका रेषेला धक्का नाही. तुमची एक वर घेतली की सगळी रांग विस्कटली. पटतंय ना?"

घर खरंच देखणं होतं. तेच तिला जास्त लागलं.

"पटतंय की. आणि यातली माझी कुठली म्हणायची?"

साहेबांनी बोट उचललं, एक, दोन, तीन मोजलं आणि घुटमळले. "तिथेच कुठेतरी. बाहेरून कळूच नये अशी योजना आहे ती."

संध्याकाळी मेबलने हाताखालच्या डॉरकसला बोलावलं. "ही गादी खाली घे गं. खिडकीपाशी."

"जमिनीवर? अहो मिस थ्रॉसल, उठणार कशा? तबेल्यातला घोडा आणू ओढायला?"

"आण हो. पण आधी मला जरा बघू दे."

सकाळी पडल्या पडल्या तिला बीचची झाडं दिसली. कोवळी पानं फुटली होती. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात कामाची घंटा वाजली आणि डॉरकस धावत आली, तिच्या काखेत हात घालायला वाकली.

"राहू दे," मेबल म्हणाली. "जिने आज तू घास. मी दमलेय."

एकतीस वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली होती.