पारोळ्याला किती गुण?

हेमराज पाटलांनी तेहतीस वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात काढली आणि निवृत्त होताच जाहीर केलं, की आता तारेचा आणि नळाचा संबंध संपला. छपरावर सोलर, विहिरीचं पाणी, परसात भाजी, चुलीला कपाशीच्या काड्या. कुणाचं मिंधेपण नको. साठीनंतर पुरुषांना असली खुळं सुचतातच. हेमराजभाऊ ती पद्धतशीर करत, एवढाच फरक.

गावं तपासायला त्यांनी दोनशेपानी वही केली. भुसावळ उन्हात पास, गर्दीत नापास. जामनेर बरं, पण ती सासुरवाडी. मिंधेपण नको म्हणायचं आणि मेहुण्यांच्या दारात घर बांधायचं, हे त्यांनाच पटेना. पारोळ्याला मात्र भरभरून गुण. बाजार जवळ, दवाखाना जवळ, ऊन मागाल तेवढं. गावाबाहेर विहिरीसकट वीस गुंठे विकायला होते. दोरीला दगड बांधून त्यांनी पाणी मोजलं. तीन परस, म्हणजे एकावर एक तीन माणसं उभी केली तरी बुडतील. पाण्याला दहापैकी दहा.

त्यांच्या बायकोनं, मंदाबाईंनी, वही शेवटपर्यंत वाचली. तेहतीस वर्षं कॉलनीच्या नळाखाली भांडी विसळली तरी बाई मूळच्या कपाशी पिकवणाऱ्या घरातल्या.

"हे मोजलं कधी?"

"डिसेंबरात."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्या भांडल्या नाहीत, त्याचीच भाऊंना धास्ती वाटली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर त्याच विहिरीच्या पाण्यानं भरायची, एवढंच त्या म्हणाल्या. भरली तर भांडीकुंडी बांधते. नाही तर तुम्ही एकटे राहा. खरेदीखत आखाजीनंतर करायचं ठरलं.

भाऊंची गोची तिथेच होती. वीज कशी तयार होते हे ते झोपेतही सांगतील. पाणी मात्र त्यांच्या लेखी तोटी फिरवली की येणारी वस्तू. आणि त्यांना तारेपासून सुटायचं होतं, बायकोपासून नव्हे.

आखाजीला नवी घागर आणि खरबूज घेऊन दोघं सकाळीच शेतावर पोचले. भाऊंनी पोहरा सोडला. तो जात राहिला, जात राहिला आणि दगडावर आपटला. वर आला तो तांब्याभर गढूळ पाणी घेऊन. भाऊ थांबले, झरा भरू दिला, पुन्हा सोडला. असं अकरा वाजेपर्यंत चाललं. बाई निंबाखाली बसून फडक्यातून पाणी गाळत होत्या. एका शब्दानं टोचलं नाही.

शेजारच्या शेताचे मालक लोटन आबा बांधावर केव्हाचे उभे होते. डिसेंबरात भाऊंनी उन्हापासून वाऱ्यापर्यंत सगळं मोजलं होतं, पण या माणसाला काही विचारलं नव्हतं.

"आठे बठ्ठास्नं असंच शे, भाऊ," आबा म्हणाले. म्हणजे वैशाखात इथल्या सगळ्यांच्याच विहिरी तळाला. "मना बोरनं पानी भरी ल्या."

पण बोरची मोटर लाइनवर, आणि शेतीची लाइन चार वाजता येणार. तेहतीस वर्षं वीज तयार केलेल्या माणसानं आता घागरभर पाण्यासाठी विजेची वाट बघत बसायचं. भाऊंना हसू आलं, पण त्यांनी नको म्हटलं. ठरलं होतं ते या विहिरीचं.

बाईंनी घागरीत डोकावून पाहिलं. पाणी बरोबर निम्म्यावर होतं. त्यांनी घागरीवर खरबूज ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. भाऊ वही काखेत धरून उभे. बाई काय बोलतात याची वाट बघत.

"अर्धी भरली," त्या म्हणाल्या. "मग मीही अर्ध्या वर्षाची येते. दसऱ्याला येईन, शिमगा झाला की जळगावला मेघाकडे जाईन. लेकीकडे नळ आहे."

"आणि मी?"

"तुम्हाला कुणाचं मिंधेपण नको ना? मग राहा इथे, पोहरा सोडत."

वही उघडून भाऊंनी पाण्याचे दहा खोडले, पाच लिहिले, पुढे 'वैशाख' असं टिपलं. मग पोहरा गुंडाळून बांध ओलांडला आणि चार वाजेपर्यंत आबांच्या खाटेवर बसून, डिसेंबरात जे विचारायला हवं होतं ते एकेक करून विचारलं.

खरेदीखत झालं. शिमग्यानंतर जळगावच्या एसटीची तिकिटं मात्र दोन निघतात.