मागच्या चाकांवरचं वजन

दत्ता गेल्याचं मला व्हॉट्सॲपवरून कळलं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर सकाळी कुणीतरी गुडघेदुखीवर मेथीचा उपाय टाकला होता. त्याच्या खाली दत्ताचा फोटो आणि जोडलेले हात. फोटोत त्याच्या छातीशी झेंडूचा हार दिसत होता. तो हार दत्ताचा नव्हता, त्याच्या पिकअपचा होता. गाडी नवी घेतली तेव्हा पूजेच्या दिवशी मीच तो फोटो काढला होता. बॉनेटवर हार घातलेला आणि त्याच्यावर कोपर टेकून दत्ता रेललेला, लग्नातल्या नवरदेवासारखा खूश. ग्रुपवरच्या कुणा उत्साही माणसाने फोटो कापला, त्यात गाडी गेली आणि हार तेवढा राहिला. मी दत्ताच्याच नंबरवर फोन लावला. वेडेपणाच तो, पण त्या क्षणी दुसरा नंबर आठवेना. त्याच्या मुलाने, निलेशने उचलला. "काका, पप्पा गेले... रोपांना पाणी घालत होते. आईने हाक मारली तर ओ नाही दिली. पाइप चालूच होता." 

माझे वडील हडपसरच्या एका कारखान्यात होते, त्यामुळे आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो आणि दत्ता शेजारच्या मळ्यात. त्याच्या दप्तरात वह्यांपेक्षा गाजरं जास्त असत. मला त्याने पहिल्या दिवसापासून 'पंत' म्हणायला सुरुवात केली, ती शेवटपर्यंत. पुढे आम्ही पेठेत राहायला आलो, मी विमा कंपनीत चिकटलो, आणि दत्ता मळ्यातच राहिला, मळा होता तोवर. सातबाऱ्यावर भावकीची इतकी नावं होती की सगळ्यांनी विकायचं ठरवल्यावर दत्ताच्या एकट्याच्या 'नाही'ला काही अर्थ उरला नाही. बाकीच्यांनी बंगले बांधले. दत्ताने सोलापूर रस्त्याला भाड्याच्या जागेवर रोपवाटिका टाकली, आणि खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या अंगाला, डोंगराच्या पोटात जमिनीचा एक तुकडा घेतला. मला तो मोठ्या कौतुकाने दाखवायला घेऊन गेला. पाहावं तिकडे मुरूम आणि दगड. "इथे काय पिकणार रे?" मी विचारलं. "दगडं पिकत्यात की. बघ कशी तरारून आल्यात!" आम्ही दोघंही हसलो. मग तो एका दगडावर बसला आणि खाली धरणाच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "पंत, भाड्याच्या जागेत झाड लावता येत न्हाय. कुंडीच ठिवता येती. मला एकदा आपल्या जमिनीत झाड लावून मरायचंय."

त्या तुकड्याकडे जाणारा शेवटचा चढ मात्र महाकठीण होता. कच्चा, वळणाचा, पावसाळ्यात तर लोण्यासारखा. त्याच्या जुन्या टेम्पोने तिथे कायमचे हात टेकले, म्हणून मग पिकअप घ्यायची ठरली. आणि एक वाद सुरू झाला, जो कित्येक महिने आमच्या डोक्यावर बसला होता. फोर-बाय-फोर घ्यायची की साधी? साध्या गाडीत इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. फोर-बाय-फोरमध्ये तो चारही चाकांना जातो, मागची घसरली तरी पुढची ओढून नेतात. एवढं ज्ञान मला दत्तामुळेच झालं. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि आदल्या आठवड्यात मोबाइलवर पाहिलेले सगळे चिखल तो मला सविस्तर सांगायचा. माझं वाहनज्ञान स्कूटरच्या पलीकडे जात नाही, पण मत द्यायला पुण्यात ज्ञान लागतं असं कुणी सांगितलं? मी साधी घे म्हणायचो. निलेशचंही तेच म्हणणं. "पप्पा, आपली डिलिव्हरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये असते. तिथे कुठला आलाय डोंगर? बी प्रॅक्टिकल." दत्ता म्हणायचा, "धंदा डांबरावर हाय. मी न्हाय." एका ओळखीच्या माणसाची फोर-बाय-फोर घेऊन तो भर पावसात तो चढ चढून आला, त्या दिवशी तर त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. आता ठरलंच, असं आम्ही सगळे समजून चाललो.

बुकिंगच्या दिवशी त्याने मलाही बोलावलं. शोरूमच्या काचेच्या दारात तो उभा होता, सोबत त्याची बायको, शोभावहिनी, आणि दोघांच्या मध्ये मातीने भरलेली एक दणकट सिमेंटची कुंडी. वॉचमन सांगत होता, कुंडी आत नेता येणार नाही. दत्ता म्हणाला, "मग गाड्या भाईर आणा." शेवटी टाय लावलेल्या एका सेल्समनने दोन्ही गाड्या खरंच बाहेर आणून उभ्या केल्या आणि तो टॉर्क, पेलोड वगैरे सांगू लागला. "ते ऱ्हाऊ द्या," दत्ता म्हणाला. "शोभा, ही कुंडी चढव जरा." त्या दोघांच्या कामाची रीतच तशी होती. रोपवाटिकेत गाडी भरताना दत्ता वर हौद्यात उभा राहून कुंड्या लावायचा आणि वहिनी खालून एकेक द्यायच्या. गडी ठेवला तर तो कळ्या मोडतो, असं दोघांचंही ठाम मत. वहिनींनी पदर खोचला. साध्या गाडीचा हौदा कमरेच्या थोडा वर होता, तिथे कुंडी टेकवून त्यांनी सहज आत सरकवली. फोर-बाय-फोरचा हौदा वीतभर उंच. तिथे कुंडी छातीपर्यंत आली आणि थांबली. त्यांचा उजवा खांदा मागच्या हिवाळ्यापासून धरला होता. त्यांनी दात आवळून, गुडघा लावून कुंडी कशीबशी ढकलली तेव्हा निम्मी माती त्यांच्या अंगावर सांडली. "जमतंय की," त्या म्हणाल्या.  दत्ताने त्यांच्या खांद्यावरची माती हाताने झाडली. सेल्समनने विचारलं, "मग सर, फोर-बाय-फोर फायनल ना?" दत्ता म्हणाला, "साधी द्या."

"अरे, आणि डोंगर?" मी म्हटलं. मीच इतके महिने 'साधी घे' म्हणून त्याच्या मागे लागलेलो, पण त्या वेळी मलाच वाईट वाटलं. "डोंगर काय पळून चाललाय?" तो म्हणाला. परतताना रिक्षात वहिनी धुसफुसत होत्या. "मी म्हटलं ना, जमतंय म्हणून?" दत्ता रस्त्याकडे बघत म्हणाला, "तू म्हटलीस. खांदा न्हाय म्हटला." पुढे जो विचारेल त्याला तो एकच उत्तर द्यायचा, "साधीला ॲव्हरेज बरं पडतं." निलेशला वाटलं, वडिलांना अखेर व्यवहार कळला. मी गप्प राहिलो, कारण दत्ताला तेच हवं होतं. लग्नात सात पावलं सगळेच चालतात. बायकोच्या खांद्याचं ऐकणारा माणूस मी तरी एकच पाहिला.

व्हायचं ते पुढच्याच पावसाळ्यात झालं. चढाच्या मध्यावर गाडी अडकली. मागे वजन नाही म्हटल्यावर चाकांना पकड कुठून येणार? "गाडी जागच्या जागी फुगडी खेळती, पंत," तो फोनवर म्हणाला. हसत होता, पण हसू वरवरचं होतं. पुढच्या वेळी त्याने मागे ओझं टाकून न्यायचं ठरवलं, आणि ते ओझं आणलं कुठून, तर त्याच्या जुन्या मळ्यातून. तिथे उरलेल्या तुकड्यावर आणखी एका इमारतीचा पाया खणत होते आणि काळी माती डंपर भरभरून कुठेतरी जात होती. दत्ताने तिथल्या मुकादमाला विचारून गोण्या भरल्या आणि हौद्यात बरोबर मागच्या चाकांच्या वर रचल्या. गाडी चढ चढून गेली. मी सोबत होतो. वर पोचल्यावर त्याने गोणीवर थाप मारली. "हे आपलं फोर-बाय-फोर!"

मग त्याने गोण्या सोडून माती खाली ओतली. मी म्हटलं, "अरे ओततोस कशाला? पुढच्या खेपेला लागतील ना?" "पुढच्या खेपेला नवी आणीन." मला वाटलं, आहे झालं, दत्ताचं काहीतरी. पण नंतर कधी गेलो की दिसायचं, मुरमावर त्या काळ्या मातीचा वाफा थोडा थोडा पसरत होता. भोवती त्याने दगडांचा बांध घातला होता. बघता बघता एखाद्या खोलीएवढा मळा तिथे झाला. एकदा त्या मातीत हात घालून तो बसला होता. म्हणाला, "मळा डंपरमधनं चाललाय, पंत. मला गोणीतनं जमतोय तेवढा मी नेतोय." आणि मग, "फोर-बाय-फोर घेतली असती, तर मोकळाच वर आलो असतो..." 

एवढं करूनही त्या मातीत त्याने काहीच लावलं नव्हतं. माती अजून बसायची आहे म्हणायचा. त्याच्या मनातलं झाड ठरलेलं होतं. मळ्यात विहिरीपाशी एक रामफळ होतं, त्याच्या बीपासून केलेलं रोप रोपवाटिकेच्या कोपऱ्यात कुंडीत वाढत होतं. कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी ते विकायचं नाही. शेवटचं भेटलो तेव्हा चहा पिताना त्याने मला ते दाखवलं. कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर येऊन खालच्या भाड्याच्या जमिनीत शिरली होती. "ह्याला आता दम निघंना," तो म्हणाला. "गणपती झाले की न्यायचं." गणपती यायला अजून अवकाश होता...

सावडण्याच्या दिवशी वहिनी म्हणाल्या, रक्षा डोंगरावर न्यायची आणि तिथेच रामफळ लावायचं. दत्ताचे चुलते म्हणाले, नदीला सोडायची रीत आहे. वहिनींनी वरही न बघता सांगितलं, "त्यांना पोहता येत न्हवतं."  निलेशने आदल्या दिवशी पिकअप स्वच्छ धुऊन काढली होती. हौद्यात पुढच्या खेपेसाठी दत्ताने भरून ठेवलेल्या गोण्या होत्या, त्या उतरवून त्याने रोपवाटिकेत ठेवल्या आणि धुतलेली चादर अंथरली. बापाचं शेवटचं जाणं, गाडीत चिखल कशाला, असं त्या पोराला वाटलं. मऊ मनाचं पोर आहे ते. हौद्यात एकटं रामफळ, पुढे निलेश आणि मांडीवर रक्षेचं मडकं घेतलेल्या वहिनी, आणि मागून भावकी आणि मी दुसऱ्या गाडीत, असे आम्ही स्वारगेटवरून, धरणाच्या कडेने निघालो.

आमची गाडी पायथ्याशी ठेवून आम्ही पायी निघालो. पाऊस भुरभुरत होता. चढाच्या मध्यावर पिकअप थांबली आणि चाकं गरागरा फिरू लागली. निलेश जितका रेटायचा तितकी ती मागे घसरायची. आम्ही दगड लावले, फांद्या टाकल्या, ढकललं. अंगावरचे पांढरे कपडे चिखलाने भरले. चुलते म्हणाले, "तरी मी तेव्हाच म्हणत होतो, फोर-बाय-फोर घे म्हणून." त्यांनी असं कधीही म्हटलं नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला की मी तोंड फिरवून उभा राहिलो. निलेशने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "गोण्या मीच काढल्या, काका..." म्हणून तो हुंदके देऊन रडायला लागला. मला वाटलं, संपलं. ज्या चढासाठी दत्ता इतका झुरला, तो याही दिवशी त्याला वर जाऊ देत नव्हता.

वहिनी दार उघडून उतरल्या. आम्हाला वाटलं, त्या आता पायीच निघणार. पण त्या मागे आल्या, हौद्याचा मागचा फाळका खाली पाडला, मडकं आत ठेवलं आणि हौद्याच्या काठावर बसून आत सरकल्या. मी हात द्यायला पुढे झालो होतो, पण त्याची गरजच पडली नाही. तो हौदा त्यांच्याच मापाचा घेतलेला होता. चादर बाजूला सारून त्या मडकं मांडीवर घेऊन बरोबर चाकाच्या वर बसल्या. "बसा सगळे," त्या म्हणाल्या. "वजन पाहिजे." मग मळा विकलेली ती सगळी भावकी, आणि मी, एकेक करत वर चढलो आणि गोण्यांच्या जागी दाटीवाटीने बसलो. वहिनींनी मागच्या काचेवर थाप मारली. "निलेश, हळू घे." चाकं एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली, आणि मग त्यांनी जमीन धरली. गाडी वर पोचली. चुलते रडत होते.

रामफळाने तिथे मूळ धरलंय. मळ्यातल्या पायाचं खणणं आता संपलं, वर काँक्रीट पडलं, त्यामुळे ती माती आता कुठेच मिळणार नाही. दत्ताने भरलेल्या त्या शेवटच्या गोण्या वहिनींनी पुन्हा हौद्यात चढवायला लावल्या आहेत. त्या ओतायच्या नाहीत, नुसत्या न्यायच्या आणि परत आणायच्या. रविवारी फोन येत नाही, म्हणून मी हडपसरला जातो आणि त्यांच्यासोबत झाडाला बघायला जातो. निलेश दर वेळी म्हणतो, "काका, पुढे बसा, मागे गोण्या आहेत." मी मागेच बसतो. माझं वजन तसं फारसं नाही. पण चढ आला की मी सरकतो आणि चाकाच्या वर जाऊन बसतो.