लाईट गेली तरी पाणी

मी दौंडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आमचे भुलीचे डॉक्टर सकाळी शिरूर, दुपारी दौंड करतात. पेशंटला आधी शेतात काय लावलंय ते विचारतात, मगच मास्क लावतात.

परवा वडगाव रासाईचे आप्पा ऑपरेशनला फार घाबरले होते. डॉक्टर म्हणाले, "आप्पा, या भुलीच्या वाफेनं मेंदूतली लाईट कमी होते. मेंदूला रक्त मात्र पाटाच्या पाण्यासारखं मिळत राहतं. वाफ वाढवली तर उलट जास्तच."

"लाईट न्हाई आन् पानी वाढतंय? मंग पानी वळवायला दारं कोन धरनार?"

"मी."

दोन तास ते आप्पांच्या उशाशी स्टुलावर बसून होते. चहा दोनदा बाहेरच गार झाला.

डोळे उघडताच आप्पांनी विचारलं, "पानी भरून झालं?"

"झालं आप्पा, लाईट बी आली," डॉक्टर म्हणाले आणि तेव्हा कुठं स्टुलावरून उठले.