पुसलेली लस

साठ-पासष्ट सालची गोष्ट. शहरातल्या जरीपटका भागाच्या अलीकडे आमची वस्ती होती. आई आणि बाबा दोघंही मिलमध्ये कामाला. सकाळचा भोंगा वाजला की घरात मी, नऊ वर्षांची, आणि माझी अकरा महिन्यांची बहीण. तिला मीच सांभाळायची आणि त्याचा मला तोराही होता.

वर्षातून एकदा कार्पोरेशनचा देवी डॉक्टर सायकलवरून यायचा आणि घरोघरी देवीच्या रोगाची फुकट लस टोचायचा. तो दिसला की गल्लीतली दारं धडाधड लागत. देवीला सुईनं डिवचलं तर ती कोपेल, अशी लोकांना भीती. बाबांना याचा भारी राग. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव नव्हते आणि देवीही नव्हती. सुटीच्या दिवशी ते दारोदार जाऊन सांगायचे, "रोग आहे गा, देवी नाही. सरकार फुकट लस देऊन राहिलं, अन् तुम्ही पोरं लपवून राहिले!" लोक त्यांना मानत. दारं उघडत.

पण डॉक्टरची पाठ वळली की बायका पोरांचे दंड ओल्या फडक्यानं खसाखसा पुसून टाकत. लस आत जिरायच्या आधी पुसली की ताप येत नाही, अशी वस्तीची समजूत होती. बाबांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्या दिवशी बहिणीला टोचलं तेव्हा ती इतकी रडली की तिचा श्वासच अडकला. मला माझा लस घेतल्यानंतरचा ताप आठवला. समोरच्या घरची काकू आपल्या तीन वर्षांच्या मुलाचा दंड पुसत दारात उभी होती. म्हणाली, "पाहून काय राहिली वं? पुसून टाक. पोरगी तापली त तुझी माय तुलेच बोलन."

मी पुसलं. वरून कडुलिंबाचा पाला वाटून चोळला.

लस लागली की दंडावर फोड उठतो. तिला उठला नाही. आईनं विचारलं तर मी म्हणाले, "कोणाकोणाले नाही उठत." थकून आलेल्या आईला तेवढं पुरलं. आठव्या दिवशी डॉक्टर फोड बघायला आला, तेव्हा बहीण आत झोपली होती. मी दारातच सांगितलं, ती मावशीकडे कळमेश्वरला गेली आहे आणि फोड छान उठला आहे. त्यानं चौकटीवर लस लागल्याची गेरूची खूण केली. संध्याकाळी बाबांनी ती खूण येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली.

तीन महिन्यांनी समोरच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. काकूच्या मुलाला देवी आल्या होत्या. परवाच तो आमच्या ओट्यावर बहिणीशी खेळला होता.

मार खायची मला सवय होती. भीती वाटत होती ती बाबांच्या चेहऱ्याची. मी गप्प राहिले. दिवसभर बहिणीच्या कपाळाला हात लावायचा, फ्रॉक वर करून पोट बघायचं. डास चावल्याची गांध दिसली तरी बोटानं दाबून दाबून पाहायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं अंग मला गरम लागलं. मग मात्र माझा धीर सुटला. तिला कडेवर घेतलं आणि अनवाणी दवाखाना गाठला.

देवी डॉक्टर तिथंच होता. त्यानं ओळखलं. "ही त कळमेश्वरले होती ना?"

"नव्हती," मी म्हणाले. "लस मी पुसली होती."

तो रागावला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यानं बहिणीचं अंग पाहिलं. "ताप नाही. ऊन लागलं आहे. पुन्हा टोचतो. चार-पाच दिवसांत फोड उठला पाहिजे. नाही उठला त लगेच आण. अन् बापाले सांग."

लस वाळेपर्यंत मी तिचे दोन्ही हात धरून बसले. बाबांना सांगितलं नाही. चार दिवस उठता-बसता तिचा दंड पाहत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी तिच्या दंडावर लाल फोड दिसला आणि मी जमिनीवर बसून हमसून रडले. बाबांची त्या दिवशी सुटी होती. त्यांनी फोड पाहिला, मग चौकटीवरची खूण पाहिली. "हा आता काहून उठला वं?"

मी सगळं सांगितलं. मग फडकं ओलं करून त्यांनी गेरूची खूण पुसली, माझा हात धरला आणि मला घेऊन गल्लीत निघाले. प्रत्येक दारात एकच बोलणं. "माझ्या घरची लस माझ्या पोरीनं पुसली होती. तुमच्याही घरी कोणी पुसली असन त सांगून टाका. दवाखान्यात पुन्हा टोचून देतात." मी मान वर केली नाही. आधी एक बाई पोर घेऊन पुढे आली, मग दुसरी, मग तिघी-चौघी.

समोरच्या दाराशी बाबा थांबले, पण हाक मारली नाही. आतून काकूचा आवाज येत होता, "डोये उघड ना रे. मायकडं पाह्य."

तो मुलगा वाचला, पण त्याचे डोळे गेले. पुढे कित्येक वर्षं माझी बहीण त्याचा हात धरून त्याला दुकानापर्यंत न्यायची. मी मात्र तो हात कधी धरला नाही. काकूनं त्याचा दंड पुसलेला मी पाहिला होता आणि बाबांना सांगितलं नव्हतं. माझी हिंमत झाली नाही.