घराचं पोट

मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. यजमान पाणी आणायला आत वळले की यांचा तळहात भिंतीवरून फिरून यायचा आणि पेला हातात पडेपर्यंत निकाल लागलेला असायचा. "कोपरा जरा बाहेर आलाय," ते म्हणायचे, तेही अगदी मायेनं, घरातल्या पोराला ताप असल्याचं सांगावं तसं. उभं आयुष्य गिलावा करण्यात गेलं होतं. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. सून एरवी बाबा म्हणायची, पण डोकं फिरलं की तीसुद्धा मिस्त्री म्हणायची, आणि अलीकडे ते वरचेवर फिरत होतं.

त्याला कारणही होतं. गुडघ्यांनी परांची चढायला साफ नकार दिला आणि मिस्त्री घरी बसले. घरी बसायचं म्हणजे कुठं, तर स्वयंपाकघरात, कारण घरात जिवंत असं काम चालायचं ते तिथंच. सून केक करून विकायची. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, नवी दुकानं, कुणी परीक्षा पास झालं, कुणाच्या बाळाला पहिला दात आला, काहीही असो, ऑर्डर तिच्याकडे यायची. केक इतका हलका व्हायचा की चवीबद्दल कुणी ब्र काढत नसे. फक्त बाजूंना आयसिंग सपाट लावायचं म्हटलं की तिचा हात डगमगायचा. लाटा उठायच्या. मग त्या लाटांवर ती क्रीमचे गुलाब काढायची, गुलाबांच्या मधे पानं, पानांच्या मधे मोती, आणि लोक म्हणायचे, काय भरगच्च काम आहे.

मिस्त्री स्टुलावर बसून हे सगळं बघायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"भिंतीला पोचे पडले की लोक त्यावर कॅलेंडरं लावतात, तसं चाललंय तुझं," ते म्हणाले.

सुनेनं एका गुलाबावर पिशवी जरा जास्तच दाबली. "बाबा, हा केक आहे. भिंत कुणी कापून खात नाही."

"म्हणून वाकडी चालते होय?"

मुलगा स्वभावानं शांतताप्रिय. बायको आणि बाप यांच्या मधे उभं राहण्यापेक्षा त्यानं ओळखीतल्या एका गोदामाच्या फाटकावर वडिलांसाठी खुर्ची बघितली. "काम काही नाही बाबा, नुसतं बसायचं," तो म्हणाला. मिस्त्रींना त्या नुसतं बसण्याचीच धडकी भरली. हात मांडीवर ठेवून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, यापेक्षा गुडघ्यांबरोबर हातही गेले असते तर बरं, असं त्यांना वाटलं. ते "बघू" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गरीब चेहरा करून सुनेपुढे उभे राहिले.

"मला एक रिकामा डबा दे. आणि तुझा तो माल."

"आयसिंग म्हणतात त्याला."

"तेच ते."

सुनेचं मनगट घोटून घोटून सुजलं होतं आणि मदतीला दुसरं कुणी नव्हतं. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून तिनं एक डबा पालथा घातला, उरलंसुरलं आयसिंग पुढे ठेवलं आणि लांब चपटी सुरी हातात दिली. पहिला हबका मिस्त्रींनी सवयीनं मारला, तो डबा सोडून कपाटाच्या दारावर बसला. दुसरा डब्यावर बसला, पण अर्धा. मग त्यांनी टेबलच वाकडं असल्याचं जाहीर केलं. "नाचता येईना अंगण वाकडं," सून म्हणाली. मिस्त्रींनी पाण्याची पारदर्शक नळी आणून टेबलाची पातळी तिला दाखवली, एका पायाखाली पुठ्ठा सारला आणि पुन्हा सुरी उचलली. डबा लिंपायचा, खरवडायचा, पुन्हा लिंपायचा. हळूहळू माल हाताला ओळख देऊ लागला.

डब्यावरून बढती मिळून ते खऱ्या केकवर आले त्याच दिवशी त्यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. गिलाव्याला पाणी मारलं नाही तर तडे जातात, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. सून दारात गिऱ्हाइकाशी बोलत होती तेवढ्यात त्यांनी चॉकलेट केकवर ओंजळीनं पाणी शिंपडलं, चांगलं चारी बाजूंनी. ती आत आली तर केक आंघोळ करून बसलेला. त्या दिवशी घरात सगळ्यांनी केक वाटीत घेऊन चमच्यानं खाल्ला आणि मिस्त्रींना दिवसभर फक्त मिस्त्री अशीच हाक आली.

पण नंतर जमलं. केकचा चुरा धरून ठेवायला आधी पातळ थर द्यायचा, फ्रिजमध्ये आवळू द्यायचा, मग वरचा थर. "पहिला हात, दुसरा हात. हे तर आमचंच शास्त्र," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या हातून बाजू अशा निघायला लागल्या की सुनेनं मोती बंद केले, मग पानं, शेवटी एखादाच गुलाब उरला, आणि तो एकटा गुलाब काय उठून दिसायचा. गिऱ्हाइकं विचारू लागली, कुठलं मशीन घेतलं? सून म्हणायची, "जुनंच आहे. आवाज फार करतं."

फाटकावरची खुर्ची मात्र अजून राखून ठेवलेली होती. मुलगा अधूनमधून आठवण करून द्यायचा. शेवटी सुनेनं एके दिवशी पीठ चाळता चाळता निकाल सांगून टाकला.

"बाबा, एक मोठी ऑर्डर आलीय. ती नीट पार पडली तर मीच ह्यांना सांगते, खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या. आणि बिघडली तर तुम्ही फाटकावर आणि मी माझ्या गुलाबांत. कबूल?"

"कबूल. कसली ऑर्डर?"

"घड्याळजी आणि त्यांची बायको आहेत ना, त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. घर विकलंय त्यांनी, आता ते पाडणार. त्याच्या आधी तिथं शेवटचं सगळे जमणार आहेत. त्यांना केक हवाय त्या घरासारखा, हुबेहूब."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. त्या घराचा गिलावा त्यांचाच होता, एक तुकडा सोडून. आणि तो तुकडा त्यांच्या बायकोचा होता.

ती त्यांच्याबरोबरच कामाला असायची. माल कालवायची, पाट्या वाहायची. घड्याळजींच्या घराची पुढची भिंत चालू असताना मिस्त्री तापानं अंथरुणाला खिळले. माल कालवून झालेला, आता घट्ट होणार, वाया जाणार. तिनं पदर खोचला, थापी डाव्या हातात घेतली, कारण ती डावखुरी होती, आणि दाराशेजारचा, खिडकीखालचा तुकडा स्वतःच लिंपून टाकला. ताप उतरल्यावर मिस्त्री येऊन बघतात तर भिंत पुढे आलेली, चांगली सुपाएवढी. "भिंत आहे की भोपळा?" ते ओरडले. ती हसत सुटली. ते छिन्नी घेऊन निघाले, पण घड्याळजींची बायको दारात आडवी आली. राहू द्या, म्हणाली. मिस्त्रींना वाटलं, भिडेखातर बोलते. तेव्हापासून ते त्या रस्त्यानं जाणं टाळायचे, मागच्या गल्लीनं वळसा घालायचे. पुढे बायको गेली. मुलाचं लग्नसुद्धा तिनं पाहिलं नाही. सुनेला सासू फक्त फोटोतली. त्यानंतर मिस्त्री वळसा घालायचे ते लाजेनं नव्हे. ती भिंत दिसली की ती दिसायची, आणि आपण ओरडलो होतो तेही ऐकू यायचं.

यातलं सुनेला त्यांनी काही सांगितलं नाही. "घर तोंडपाठ आहे मला," एवढंच म्हणाले.

दोघं कामाला भिडले. सुनेनं केकचे थर रचून खोल्या उभ्या केल्या. छपरासाठी तिनं बिस्किटांची कौलं भाजली, एकावर एक चढवली. खिडक्यांत साखर वितळवून काचा बसवल्या. आणि घड्याळजींसाठी वेगळ्या गोल कुकीज केल्या, प्रत्येकीवर घड्याळाची तबकडी आणि प्रत्येकीवर वेगळीच वेळ, कारण त्यांच्या दुकानातली दोन घड्याळं कधी एकमेकांशी सहमत नसत. भिंती मिस्त्रींच्या. पुढची भिंत त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. श्वास रोखून, एका हातात, वरपासून खालपर्यंत. इतकी सपाट की त्यात तोंड बघून घ्यावं. इतक्या वर्षांनी त्या भिंतीचा हिशेब चुकता झाला, असं त्यांना वाटलं आणि ते स्वतःवर खूश झाले.

सून फोटो समोर धरून बघत होती. "बाबा, इथं दाराजवळ काहीतरी फुगीर दिसतंय."

"सावली आहे ती," मिस्त्री म्हणाले.

समारंभाच्या दिवशी घर माणसांनी भरून गेलं होतं. सामान आधीच हललं होतं, त्यामुळे सगळ्यांचे आवाज घुमत होते. मिस्त्रींच्या मुलानं केक मधल्या टेबलावर आणून ठेवला आणि मुलं, नातवंडं, शेजारी त्याच्याभोवती गोळा झाले. घड्याळजी कुकीज उलटसुलट करून बघत म्हणाले, "ही दहा मिनिटं मागे आहे," आणि खाऊन टाकली. सून मिस्त्रींकडे बघून हसली. मिस्त्रींनी मनातल्या मनात ती खुर्ची फाटकातून बाहेर काढली.

तेवढ्यात आजी, म्हणजे घड्याळजींची बायको, चष्मा पुसत पुढे आल्या. केकभोवती एक फेरी मारली. पुढच्या भिंतीपाशी थांबल्या.

"सुंदर झालंय," त्या म्हणाल्या. "पण हे आमचं घर नाही."

सुनेनं घाईनं फोटो पुढे केला. "काय राहिलं आजी?"

"पोट. आमच्या घराचं पोट कुठं गेलं?"

त्या दाराबाहेर गेल्या आणि खिडकीखालच्या फुगवट्यावर त्यांनी हात ठेवला. तिथला रंग कधीच उडाला होता आणि भिंत हाताळून हाताळून गुळगुळीत झाली होती. "पोरं परीक्षेला निघाली की याला थोपटून जायची. मी दुपारी पायरीवर बसून मटार सोलायचे ते याला पाठ टेकून. कमरेला असं बरोबर लागतं."

सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. त्यांनी घसा साफ केला. "वहिनी, ती चूक होती. मी दुरुस्त केली."

"कुणाची चूक? मी इथंच उभी होते तेव्हा. मी तिला म्हटलं, अगं, वाकडं होतंय, तुझा नवरा ओरडेल. तर म्हणाली, ओरडू देत वहिनी. दोन दिवस शुद्ध नाही त्यांना. एकदा उठून माझ्यावर ओरडले की मी सुटले." आजींनी चष्मा पुन्हा पुसला. "आणि तुम्ही आलात आणि ओरडलात. किती हसली ती, आठवतंय? मग मी ते कसं तोडू देणार होते तुम्हाला?"

मिस्त्रींना ते हसणं चांगलं आठवत होतं. ते आपली चेष्टा करण्यासाठी होतं, असंच ते इतकी वर्षं धरून बसले होते. ते आत वळले आणि केकच्या पुढच्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले.

सून केक पोचवायला जाताना नेहमी एक डबा बरोबर ठेवायची, उरलेलं आयसिंग आणि सुरी, वाटेत काही खरचटलं तर मलमपट्टीला. तिनं तो उघडून सासऱ्यांपुढे धरला.

मिस्त्रींनी माल लावला. पण हात ऐकेना. फुगवटा उठवायला जावं की सुरी आपोआप तो सपाट करून टाकायची, जित्याची खोड. दोनदा लावला, दोनदा पुसला गेला. मग मिस्त्रींनी सुरी डाव्या हातात घेतली. डावा हात वेडावाकडा फिरला, एकीकडे जास्त भरलं, दुसरीकडे कमी. बाजूला झाले तेव्हा दाराशेजारी भिंत मस्त पुढे आली होती, भोपळ्यासारखी.

"हं," आजी म्हणाल्या. "आता आलं घर."

केक कापला तेव्हा त्यांनी पहिला तुकडा तिथलाच काढला आणि बशीत घालून मिस्त्रींच्या हातात दिला. ते बशी घेऊन कोपऱ्यात उभे राहिले. सून जवळ आली.

"ऑर्डर बिघडलीच तशी," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले. "फोटोत सावली नव्हती. मी खोटं बोललो. जाईन मी फाटकावर."

सुनेनं त्यांच्या बशीतला चमचा उचलला, फुगवट्याचा अर्धा भाग तोंडात घातला आणि सावकाश खाल्ला.

"सासूबाईंच्या हातचं खायचं राहिलं होतं माझं," ती म्हणाली. मग डोळे पुसून नवऱ्याकडे वळली. "अहो, ती खुर्ची देऊन टाका कुणाला तरी. आणि बाबा, उद्या लवकर उठा. दातांच्या डॉक्टरीणबाईंना कवळीचा केक हवाय. सपाट चालणार नाही."

मिस्त्रींनी उरलेला अर्धा तुकडा संपवला. निघताना दाराशी थांबून त्यांनी तळहात त्या फुगवट्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. निकाल मात्र काही सांगितला नाही.